राणी म्हणवण्याचा अधिकार

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने आपला शेवटचा राजा हाकलून दिला. त्यानंतर ‘रेक्स’, म्हणजे राजा, हा शब्द तिथल्या राजकारणात शिवीसारखा झाला. ‘याला राजा व्हायचंय’ एवढा संशयही माणसाच्या जिवावर बेतू शके. जिथे राजाच नको, तिथे राणी कुठली? तरीही ‘रेजिना’ हा शब्द टिकला. इटालियनमध्ये तो जसाच्या तसा आहे. स्पॅनिशमधला ‘रेइना’, फ्रेंचमधला ‘रेन’ आणि पोर्तुगीजमधला ‘राइन्या’ त्यातूनच निघाले. राजाविना गेलेल्या शतकांत या शब्दाला कोणी सांभाळलं?

पहिला आसरा दिला देवळाने. कॅपिटोल टेकडीवर जुपिटरशेजारी ‘जुनो रेजिना’ची पूजा होई. वेई हे शत्रूचं शहर पडल्यावर सेनापती कामिलसने तिथली जुनो रोमला आणली आणि ॲव्हेंटाइन टेकडीवर तिचं देऊळ उभारलं, अशी कथा आहे. राजे गेले तरी त्यांच्या हातची काही धर्मकृत्यं चुकवून चालणार नव्हतं. त्यांच्यासाठी ‘यज्ञांचा राजा’ नावाचा एक पुरोहित नेमला जाई. त्याला राजकीय पद घेण्याची बंदी होती. त्याची बायको ‘यज्ञांची राणी’, आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवशी जुनोला बळी देणं हे तिचं काम. मान मोठा, सत्ता शून्य.

खरी सत्ता असलेली राणी रोमच्या लेखी परकीच असे. क्लिओपात्रा सीझरच्या आश्रयाने रोममध्ये राहून गेली. त्यानंतर सिसेरोने मित्राला लिहिलेल्या पत्रात तिच्याविषयीचा तिरस्कार उघड मांडला आहे. तिथे तो तिचं नावही घेत नाही. नुसतं ‘रेजिना’ म्हणतो, आणि त्यातच सगळा राग येतो. पुढे रोमवर सम्राट आले, पण त्यांच्या घरच्या स्त्रियांसाठी ‘ऑगस्टा’ ही निराळी पदवी निघाली. राजाचा अधिकार स्वीकारूनही रोमने त्याचं नाव टाळलं, तसंच राणीचंही.

मग ख्रिस्ती धर्माने हा शब्द मेरीसाठी उचलला. रोमन फोरममधल्या सांता मारिया आंतिक्वा या चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यात मेरी बायझंटाइन सम्राज्ञीच्या थाटात, मुकुट घालून सिंहासनावर बसली आहे. तोवर पश्चिमेत जर्मानिक टोळ्यांची राज्यं उभी राहिली होती. त्यांना राजा या शब्दाचं वावडं नव्हतं, त्यामुळे राजांच्या बायका लॅटिनमध्ये बिनदिक्कत ‘रेजिना’ झाल्या. लॅटिन उच्चारातला मधला ‘ग’ स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज लोकांच्या तोंडी झिजत गेला. आपल्याकडे ‘राज्ञी’ची ‘राणी’ झाली, तीही अशीच झीज सोसून. आणि ‘रेक्स’ व ‘राजन्’ यांचं मूळही एकच आहे.

ध्वनी असे जवळपास राहिले, अर्थ मात्र देशोदेशी फाकले. स्पेनमधल्या लेऑन-कास्तीलमध्ये उर्राका ११०९ मध्ये बापाच्या गादीवर बसली आणि तिने स्वतःच्या हक्काने राज्य केलं. १३ डिसेंबर १४७४ रोजी कास्तीलच्याच सेगोव्हियात इसाबेलाची द्वाही फिरली, तेव्हा नवरा फर्नांडो तिथे नव्हताही. घोषणेत तिला राणी आणि राज्याची ‘मालक’ म्हटलं होतं. ‘रेइना’ला जोडलेल्या त्या एका शब्दाने हक्क तिचा स्वतःचा असल्याचं सांगितलं. फ्रान्सने नेमकी उलटी वाट धरली. दहाव्या लुईची मुलगी १३१६ मध्ये डावलली गेली आणि पुढे स्त्रीला गादी नाही हा दंडकच ठरला. तिथे ‘रेन’ म्हणजे कायम कोणाची तरी बायको किंवा आई. लहानग्या चौदाव्या लुईच्या नावाने त्याची आई ॲन हिने १६४३ पासून कारभार हाकला, तोही राजपालक म्हणून. तिच्याइतकी सत्ता वापरणाऱ्या बाईला ती आपली म्हणता येऊ नये, हा त्या दंडकाचा अन्यायच.

पोर्तुगालमध्ये १७७७ मध्ये पहिली मारिया राणी झाली. तिचा नवरा पेद्रो तिचा सख्खा काका. तो तिच्यामुळे ‘राजा तिसरा पेद्रो’ म्हणवला गेला. नाव नवऱ्याकडून बायकोकडे जातं, ही रीत इथे उलटली.

पूर्वेकडच्या रोमेनियन या लॅटिनच्या वारसदार भाषेत मात्र ‘रेजिना’ बोलीतून उतरलाच नाही. राज्यकर्त्याची पत्नी ‘दोआम्ना’, म्हणजे मालकीण, आणि राणीसाठी स्लाव्ह भाषांकडून आलेल्या ‘क्राय’ या शब्दापासून ‘क्रेआसा’. १८८१ मध्ये देश राज्य झाला, कारोल राजा आणि एलिझाबेथ राणी झाली, तेव्हा तिची पदवी होती ‘रेजिना’, लॅटिनकडून पुस्तकी वाटेने परत आणलेली. ‘क्रेआसा’ गोष्टींत राहिली. अँडरसनची हिमराणी रोमेनियन मुलांना आजही त्याच नावाने भेटते.