जात्यंधाचा हस्ती आणि आपण

आंधळा, देखता, वाटसरू, गुरू ही पात्रे सर्व देशांच्या कथांत पुनःपुन्हा भेटतात. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची कथा पाली 'उदाना'त आहे, जैन पंडितांनीही ती सांगितली आहे. श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेली तीच कथा केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठा'च्या ११४ दृष्टांतांत ग्रथित केली. मग आपले वैशिष्ट्य कोणते? तेथे सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी रचना आहे. दृष्टांत सर्वांचा असतो. दार्ष्टांतिक मात्र ज्याचे त्याने आपणांस लावावयाचे असते.

कान चाचपणारा हत्तीला सूप म्हणतो, पाय चाचपणारा खांब. एकेका देवतेचे फळ पाहून तिलाच परमेश्वर म्हणणारा जीव असाच होय. 'सर्वांचेच थोडेथोडे खरे' एवढे घेऊन उठणारा श्रोता देखत्याला विसरतो. स्वतःसच देखता मानून इतरांस हसणारा तर अधिकच आंधळा. ज्ञान हे परमेश्वराचे दान आहे, जीवाची कमाई नव्हे.

देखत्याला ओळखून त्याच्यामागे जाणे, हे आपल्याच भंडाऱ्याच्या नीळभट्ट भांडारेकारांनी स्वामींना अनुसरून दाखविले. कथा ऐकून आपण कोठे उभे आहोत, हे प्रत्येकाने आज स्वतःस विचारावे.