असल रंग कोणता?

इंडोनेशियाच्या दक्षिणेला बाली, लोंबोक, सुंबावा, कोमोडो, फ्लोरेस, तिमोर, वेतार अशी बेटांची रांग आहे. या बेटांवर झाडाझुडपांत राहणारा एक विषारी साप आढळतो. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याचा तो नातलग. बहुतेक बेटांवर तो हिरवा असतो. कोमोडोवर मात्र निळसर आणि वेतारवर पिवळा. १९७७ मध्ये त्याला 'इन्सुलारिस', म्हणजे बेटावरचा, हे नाव मिळाले, पण दुसऱ्या एका सापाचा पोटप्रकार म्हणून. २००१ मध्ये त्याला स्वतंत्र जात मानले गेले. साप तोच राहिला, आपली नोंद बदलली.

हे ऐकल्यावर आपण सहज म्हणून जातो की हिरवा हा असल आणि निळा-पिवळा हे अपवाद. असे का? हिरवे जास्त आहेत म्हणून? संख्या हा असलपणाचा पुरावा कसा होऊ शकतो?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीत हिरवा रंग सहसा एकटा तयार होत नाही. वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते, खाली निळा प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. दोन्ही मिळून डोळ्यांना हिरवे दिसते. ज्याला आपण शुद्ध समजतो, तोच मुळात मिलाफ आहे.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होता. तेव्हा कोमोडो आणि फ्लोरेस एकाच जमिनीचे भाग होते. पुढे पाणी चढले आणि बेटे झाली. अशा अलग पडलेल्या थोड्या जिवांत एखादा गुण परिसराला मानवतो म्हणून टिकतो, कधी निव्वळ योगायोगाने पसरतो. त्यात कुणाचा गुन्हा नाही आणि मोठेपणाही नाही.

मग प्रत्येक रंगाची निराळी जात मानावी काय? तेही बरोबर नाही. आपल्या आंबोलीकडचा मलबारी चापडा एकाच रानात हिरवा, तपकिरी, पिवळा अशा रंगांत सापडतो. नुसत्या रंगाने नाते तुटत नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही. 'ही जात अनेक बेटांवर आहे' एवढे म्हटले की आपण निश्चिंत होतो. मग एका बेटावरचा निळा वंश संपला तरी कागदावर जात शाबूत राहते. उलट निळ्याला केवळ नवलाई मानले, तर तो शौकिनांच्या पिंजऱ्यासाठी विकाऊ माल होतो. एकरूपतेचा हट्ट त्याला पुसतो आणि वेगळेपणाचा बाजार त्याला पकडतो.

आम्ही शिक्षक मंडळी रोज वर्गात निरनिराळ्या घरांची बोली ऐकतो. कोकणातल्या मुलाची उर्दू वेगळी, मराठवाड्यातल्या मुलाची वेगळी. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे, तिच्यावाचून परीक्षा नाही आणि नोकरी नाही. पण प्रमाण म्हणजे सर्वांच्या सोयीसाठी ठरवलेले माप. ते असल-नक्कल ठरवणारी कसोटी नव्हे. एवढा फरक आम्हांला राखता आला, तर घरची बोली बोलताना मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.