‘आज गोळ्या चालू आहेत’

दारू सोडलेला माणूस लग्नाच्या मांडवात हमखास एक खोटे बोलतो, ‘आज गोळ्या चालू आहेत.’ मित्र त्या दिवशी ऐकतात आणि पुढच्या बाप्तिस्म्याला पुन्हा ग्लास भरतात. त्यांचे काय चुकले? गोळ्या कधीतरी संपतातच.

मग मित्रांना सगळे खरे सांगावे काय? ‘मी सोडली’ एवढे सांगावेच. का सोडली, घरात काय घडले, हा हिशेब मात्र आपण त्यांना देणे लागत नाही. कबुलीजबाबाची जागा वेगळी असते.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खिसा रिकामा म्हणून गुत्त्याबाहेर उभा होता. ज्यांच्यासोबत तो रोज प्यायचा, ते सोबती समोरून गेले. एकानेही ‘चल’ म्हटले नाही. तो घरी गेला, आईला सांगितले आणि दारू न पिण्याची शपथ घेतली. तीही आधी फक्त तीन महिन्यांची! पुढे १९२५ साली मरेपर्यंत तो प्यायला नाही.

तीन महिन्यांची ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ‘जन्मभर पिणार नाही’ म्हटले की मित्रांना पैज लावावीशी वाटते. ‘नाताळपर्यंत नाही’ म्हटले तर ते खरेही असते आणि पेलतेही.

आणि आपण मित्राच्या जागी असलो तर? ‘का रे, बायको ओरडली काय?’ हा प्रश्न गिळावा. सोड्याची बाटली त्याच्यापुढे सरकवावी आणि पावसाचे, शेतीवाडीचे बोलावे.