निवडणाऱ्याचें ऋण

ज्याच्या हातीं शिकविण्याचें काम आहे, त्याच्याच हातीं आपल्या शिष्यांपैकीं एकाला ठेवून दुसऱ्याला घरीं पाठविण्याचें कामहि द्यावें काय? आणि दिलें, तर ज्याला त्यानें घरीं पाठविलें त्याचें तो कांहीं देणें लागतो काय? हा प्रश्न नवा नाहीं. दोन पुत्रांच्या बापाला, चाळीस मुलांच्या शाळामास्तराला आणि भजनी मंडळीच्या पुढाऱ्याला तो नित्य पडतो. परंतु अलीकडे दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनीं तो इतक्या उघड रीतीनें मांडिला आहे कीं, खेड्यापाड्यांतील कुटुंबें रात्रीं जेवतां जेवतां तो डोळ्यांनीं पाहतात. मात्र आपण नीतीचा एक प्रश्न पाहत आहों हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

या स्पर्धांपैकीं ‘द व्हॉइस’, म्हणजे ‘आवाज’, या नांवाची स्पर्धा जगांत फार पसरली. तिचा उगम हॉलंड देशांत झाला. जॉन डी मोल नांवाच्या तेथील निर्मात्यानें ती काढिली व १७ सप्टेंबर २०१० रोजीं तिचा पहिला भाग दाखविण्यांत आला. २०११ सालीं ती अमेरिकेंत गेली, आणि २०१५ सालीं हिंदी भाषेंत आपल्या देशांत आली. तेव्हां शान, सुनिधि चौहान, मिका सिंग व हिमेश रेशमिया हे चार प्रसिद्ध गायक तिचे मार्गदर्शक होते.

या स्पर्धेची रीत अशी आहे. चार नामांकित गायक चार मोठ्या खुर्च्यांवर गाणाऱ्याकडे पाठ करून बसतात. गाणारा मनुष्य व्यासपीठावर येऊन गाऊं लागतो. ज्याला तो आवाज आवडेल तो खुर्चीजवळची कळ दाबतो, आणि त्याची खुर्ची फिरून गाणाऱ्यासमोर येते. एकाहून अधिक खुर्च्या फिरल्या तर कोणाचा शिष्य व्हावें हें गाणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. एकहि खुर्ची फिरली नाहीं तर त्यानें घरीं जावयाचें असतें. जे निवडले गेले त्यांना तो मार्गदर्शक शिकवितो, त्यांच्याकडून तालीम करून घेतो, आणि पुढच्या फेऱ्यांस उभें करितो.

यांतील पहिली गोष्ट स्तुत्य आहे, हें आधीं कबूल केलें पाहिजे. डोळा हा फार उतावळा न्यायाधीश आहे. आपल्या गांवीं कोणी परका मनुष्य सभेंत बोलावयास उभा राहिला, तर त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच आपण विचारतों, हा कोणाचा, कोठला, याचें आडनांव काय? त्याचा सदरा पाहतों, पायांतील वहाणा पाहतों, आणि त्याच्या बोलण्याला किती मोल द्यावें हें मनांत ठरवून टाकितों. पाठमोरी खुर्ची या उतावळ्या न्यायाधीशाला क्षणभर बाहेर बसविते. ऐकणाऱ्याला ऐकल्यावांचून दुसरा मार्गच राहत नाहीं. गाणारा श्रीमंत कीं दरिद्री, सुरूप कीं कुरूप, हें न कळतां केवळ त्याचा गुण तोलला जातो. आपल्या जिल्ह्यांतील किती सभा, किती नेमणुका, किती विवाहसुद्धां अशा पाठमोऱ्या खुर्चीवरून ठरले असते तर अधिक न्यायानें ठरले असते!

परंतु हा न्याय थोडा वेळच टिकतो. खुर्ची फिरली कीं डोळा आपल्या जागीं परत येतो. शिवाय प्रत्येक मार्गदर्शकाच्या संघांतील जागा मोजक्या असतात. त्या भरल्यानंतर जो गावयास आला, त्याचा आवाज कितीहि गोड असो, त्याच्यासाठीं खुर्ची फिरविण्याची मुभा उरत नाहीं. तो गुणांत कमी पडला असें नव्हे, तो रांगेंत मागें होता एवढेंच. पण पाहणारे लोक म्हणतात, तो हरला. यावरून इतकें तरी शिकावें कीं, जगांत ज्याला आपण पराभव म्हणतों त्यांतील पुष्कळसा केवळ क्रमाचा व वेळेचा परिणाम असतो.

आतां खरी अडचण पुढें येते. पहिल्या निवडीनंतर मार्गदर्शक आपल्याच दोन शिष्यांना एक गीत देतो, तें दोघांनाहि शिकवितो, आणि मग त्या दोघांना समोरासमोर उभें करून एकाला ठेवितो व दुसऱ्याला निरोप देतो. अमेरिकेंतील २०१२ च्या उत्तरार्धांतील स्पर्धेचा हिशोब पाहा. चार मार्गदर्शकांजवळ प्रत्येकीं १६, म्हणजे एकंदर ६४ गाणारे होते. त्यांच्या ३२ जोड्या झाल्या. ३२ जिंकले व ३२ हरले. त्या वर्षीं असा एक नवा नियम करण्यांत आला कीं, एकानें सोडलेल्या शिष्याला दुसऱ्या मार्गदर्शकानें आपल्याकडे घ्यावें, आणि अशी संधि प्रत्येकाला दोनदां मिळावी. त्यामुळें हरलेल्यांपैकीं ८ वांचले, तरी २४ घरीं गेले. त्या चोविसांपैकीं प्रत्येकाला शिकविणारा व निरोप देणारा एकच होता. काल ज्यानें त्याचा स्वर सुधारिला, त्यानेंच आज त्याला दार दाखविलें.

कोणी म्हणेल, यांत वाईट काय आहे? परीक्षा नसेल तर मनुष्य आळशी होतो. शाळेंत परीक्षा आहे, नोकरींत परीक्षा आहे, मग गाण्यांत कां नसावी? हें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. पुष्कळ गुणी मुलें केवळ स्पर्धेमुळेंच उजेडांत आलीं. उत्तराखंडांतील चंपावत येथील पवनदीप राजन हा तरुण २०१५ सालीं शान यांच्या मार्गदर्शनाखालीं ‘द व्हॉइस इंडिया’ जिंकला, आणि त्याचें नांव सर्व देशानें ऐकिलें. तेव्हां स्पर्धा ही मुळांतच पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

तथापि त्याच तरुणाची पुढील हकीकतहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्याला एका स्पर्धेनें देशांतील सर्वोत्तम आवाज ठरविलें, तोच पांच वर्षांनीं ‘इंडियन आयडल’ या दुसऱ्या स्पर्धेंत पुन्हां उमेदवार म्हणून उभा राहिला, व ऑगस्ट २०२१ मध्यें तीहि जिंकला. यांत त्याला कमीपणा मुळींच नाहीं. त्याची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. परंतु निकालाची शक्ति किती थोडी आहे हें यावरून दिसतें. निकाल एका रात्रीपुरता मोठा असतो. दुसऱ्या दिवशीं जें उपयोगीं पडतें तें शिक्षण. म्हणून ज्याला शिक्षण देण्याचा व निकाल देण्याचा असे दोन्ही अधिकार आहेत, त्यानें पहिला मोठा व दुसरा लहान समजावा.

आपल्याकडील एक जुनें उदाहरण घेऊं. धारवाड जिल्ह्यांतील कुंदगोळ येथें रामभाऊ कुंदगोळकर, ज्यांना लोक सवाई गंधर्व म्हणत, ते राहत. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल व फिरोझ दस्तूर हे तिघेहि त्यांचे शिष्य. भीमसेन गुरुगृहीं राहून, पाणी भरण्यासारखीं कामें करून शिकले. गंगूबाई हुबळीहून आगगाडीनें कुंदगोळास शिकावयास येत. तिघांचीहि गायकी एकाच मुळांतून निघाली, तरी तिघांचे गळे तीन प्रकारचे. गुरूनें या तिघांना एकाच व्यासपीठावर उभें करून कोण राहील व कोण जाईल असें लोकांस कधींच विचारिलें नाहीं. १९५२ सालीं सवाई गंधर्व वारले. पुढच्या वर्षीं, १९५३ सालीं, भीमसेन यांच्या पुढाकारानें पुण्यास त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला, आणि गंगूबाई व दस्तूर यांनींहि त्यांत वर्षानुवर्षें गायन केलें. एका गुरूचीं तीन फळें एकाच ताटांत शोभलीं. त्यांत पहिलें कोणतें असा प्रश्न कोणीं विचारला असता तर तो अडाणी ठरला असता.

पण जुन्याची स्तुति करितांना डोळे मिटूं नयेत. जुन्या काळीं गुरूचें दार सर्वांस उघडें नव्हतें. कित्येकांना जातीमुळें, कित्येकींना स्त्रीजन्मामुळें, आणि पुष्कळांना दारिद्र्यामुळें उंबऱ्याबाहेरच राहावें लागलें. त्यांच्यासाठीं कोणी पाठमोरें बसलें नाहीं. त्यांना पाहूनच परतविण्यांत आलें. म्हणजे नव्या रीतीचें दार रुंद आहे, पण आंत गेलेल्याला ती लवकर बाहेर काढिते; जुन्या रीतीचें दार अरुंद होतें, पण आंत घेतलेल्याला गुरु सहसा टाकीत नसे. दाराची रुंदी नव्याची घ्यावी व हाताची पकड जुन्याची घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

यांत आणखी एक धोका आहे, आणि तो केवळ कल्पनेचा नाहीं. ज्याच्या एका शब्दावर तरुण मनुष्याचें भवितव्य टांगलेलें आहे, त्याच्यापुढें तो तरुण ‘नाहीं’ म्हणावयास भितो. या स्पर्धेच्या जन्मभूमींत, हॉलंडांत, जानेवारी २०२२ मध्यें कार्यक्रमांतील वजनदार व्यक्तींविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाच्या गंभीर तक्रारी पुढें आल्या, आणि वाहिनीनें कार्यक्रम दाखविणें थांबविलें. कोण दोषी व कोण निर्दोष हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. तें आमचें नव्हे. परंतु तक्रार करणाऱ्यांस इतकीं वर्षें गप्प कां बसावें लागलें, हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. जेथें शिकविणारा, निवडणारा व कीर्ति देणारा एकाच वर्तुळांत बसतात, तेथें दुर्बळाचा आवाज गाण्यांत ऐकूं येतो, पण गाऱ्हाण्यांत ऐकूं येत नाहीं.

मग निवडणाऱ्यानें काय करावें? निवडूंच नये काय? तसें नव्हे. जागा एक आणि उमेदवार दोन, असा प्रसंग संसारांत टळत नाहीं. परंतु ज्यानें निवड केली त्याच्यावर, ज्याला त्यानें निवडलें नाहीं त्याचें ऋण राहतें, असें आमचें म्हणणें आहे. निवडलेल्याला त्याचें फळ मिळालेंच. खरें देणें उरतें तें दुसऱ्याचें. तें ऋण तीन प्रकारचें आहे.

पहिलें, त्याला कारण सांगावें. ‘तुझा ताल सुटतो,’ ‘तुझा श्वास अर्ध्यांत संपतो,’ असें स्पष्ट व एकांतांत सांगावें. कारणावांचून दिलेला नकार मनुष्याला वाटेल तें कारण कल्पावयास लावितो, आणि बहुधा तो आपल्या गरिबीचें किंवा कुळाचें कारण कल्पितो.

दुसरें, त्याला पुढची वाट दाखवावी. आपल्या संघांत जागा नसेल तर दुसऱ्या कोणाकडे पाठवावें. २०१२ च्या त्या नियमानें आठ जणांना वांचविलें, तें याच तत्त्वानें. जें नियमानें आठांना मिळालें तें सज्जनानें नियमावांचून चोविसांना द्यावें.

तिसरें, त्याच्या भीतीचा लाभ घेऊं नये. आपल्यावर अवलंबून असणाऱ्यापासून सेवा, स्तुति किंवा मौन मागणें हें त्याची देणगी चोरण्याइतकेंच वाईट आहे.

हें ऋण ज्यानें स्वतः निकाल सोसला आहे त्याला लवकर कळावें. मराठींत २००८-०९ सालीं ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ ही लहान मुलांची स्पर्धा झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड ती जिंकली. तिच्याबरोबर शेवटपर्यंत प्रथमेश लघाटे, रोहित राऊत, आर्या आंबेकर व मुग्धा वैशंपायन हीं मुलें होतीं. बारा वर्षांनीं, २०२१ सालीं, हींच पांच जणें मोठीं होऊन त्याच स्पर्धेंत नव्या मुलांना पारखावयास बसलीं. पांचांपैकीं चार त्या मोठ्या निकालाच्या रात्रीं हरलीं होतीं, तरी त्यांना तेथें मानानें बोलाविण्यांत आलें. हरणें म्हणजे संपणें नव्हे, हें कोणत्याहि उपदेशापेक्षां या आसनांनीं मुलांना अधिक चांगलें शिकविलें असेल.

शेवटीं वाचकहो, आपल्याविषयीं. या स्पर्धांत अंतीं घरीं बसलेले लोकहि मोबाइलवरून मत देतात. तेव्हां आपणहि निवडणारेच झालों. मत देतांना आपली खुर्ची पाठमोरी असते काय? आपल्या जिल्ह्याचा, आपल्या जातीचा, आपल्या पंथाचा मुलगा उभा राहिला कीं आपण गाणें ऐकण्यापूर्वींच कळ दाबतों. आणि दूरचित्रवाणी बंद केल्यावर काय करितों? दोन मुलांपैकीं एकाला शहरांत शिकावयास पाठवून दुसऱ्याला बैलांमागें लावितों, व त्याला कारणहि सांगत नाहीं. दोन मुलींपैकीं एकीची वही भरते आणि दुसरीची हांड्याखालीं भिजते. ज्याला आपण पाठविलें नाहीं त्याच्याजवळ आज संध्याकाळीं घटकाभर बसावें, आणि त्याला काय येतें, काय आवडतें, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. तें ऋण फेडण्याचा आरंभ तेथून होतो.