मेणबत्त्या कोणी लावल्या?

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्याखेरीज कोणी नव्हते. मी एक जुनी इंग्रजी कादंबरी उघडून बसले होते. तिच्या मुखपृष्ठावर एका उमरावाच्या वाड्यातले मोठे दालन होते. छताला झुंबरे लोंबत होती, त्यांत शेकडो मेणबत्त्या तेवत होत्या आणि खाली एक तरुणी कोणा सरदारपुत्राचा हात धरून नाचत होती. शाळेतल्या मावशी टेबले पुसायला आल्या. पुसता पुसता त्यांचे फडके त्या पुस्तकापाशी थांबले.

“बाई, इतक्या उंचावर एवढ्या मेणबत्त्या लावतं कोण हो?”

मी हसून म्हटले, “असतील नोकर.”

“तेच म्हणते मी,” असे म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

प्रश्न साधा होता. पण त्या दिवशी मला पुढचे पान वाचता आले नाही. गेली वीस वर्षे मी या कादंबऱ्या वाचते आहे. त्यांतल्या नायिकेच्या झग्याचा रंग, नायकाच्या बग्गीला जुंपलेल्या घोड्यांची संख्या, चहाच्या पेल्याची नक्षी, सारे मला तोंडपाठ आहे. मेणबत्त्या कोणी लावल्या, हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते.

ज्यांनी या कादंबऱ्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला वेडाचे झटके येऊ लागले, तेव्हा १८११ साली त्याच्या मुलाने त्याच्या वतीने कारभार हाती घेतला. १८२० साली बाप वारला आणि मुलगा राजा झाला. मधल्या या नऊ वर्षांना ‘रीजन्सी’ म्हणतात. एवढ्याशा काळावर शेकडो प्रेमकथा लिहिल्या गेल्या. त्यांची वाट घालून दिली जॉर्जेट हेयर या लेखिकेने. तिचा जन्म १९०२ सालचा आणि मृत्यू १९७४ सालचा. १९३५ साली तिची ‘रीजन्सी बक’ निघाली आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ती हे जग रंगवीत राहिली. तिच्यामागून आलेल्यांची तर गणतीच नाही. ज्युलिया क्विनच्या २००० साली निघालेल्या ‘द ड्यूक अँड आय’ या कादंबरीने जी मालिका सुरू झाली, तीवरचे ‘ब्रिजर्टन’ २०२० च्या डिसेंबरात पडद्यावर आले आणि आमच्या शाळेतल्या मुलींनाही ड्यूक म्हणजे कोण ते कळले. खरे पाहता, राजघराण्याबाहेरचे ड्यूक त्या काळी साऱ्या ब्रिटनमध्ये दोन-तीन डझनांपलीकडे नव्हते. कादंबऱ्यांतल्या तरुण, देखण्या आणि अविवाहित ड्यूकांची मोजदाद केली तर एक पलटण उभी राहील!

मला या कादंबऱ्या आवडतात, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. हेयरच्या लेखनात खट्याळपणा आहे. तिच्या नायिका बुद्धिमान आहेत, त्या रडत बसत नाहीत. तिथे माणसे रागावली तरी भाषेचा तोल सोडीत नाहीत, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो हे दुष्टांनाही ठाऊक असते. दिवसभर पन्नास मुलांपुढे घसा कोरडा करून घरी आल्यावर अशा जगात तासभर बसावेसे वाटले तर त्यात गैर काय?

कोणी म्हणेल, मग प्रश्नच कुठे उरला? ही तर परीकथा. पुष्पक विमान कशावर चालत होते असे आपण विचारीत नाही; मग झुंबराचा हिशेब कशाला?

पण या कादंबऱ्या आपण परीकथा आहोत असे म्हणत नाहीत. आपण इतिहास आहोत, असा त्यांचा दावा असतो. हेयरने पोशाखांची, गाड्यांची, त्या काळच्या बोलीची टिपणे वह्यांवर वह्या भरून जमवली होती. १९३७ सालच्या ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ या तिच्या कादंबरीत वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन इतके चोख आहे की जाणकारांनीही ते वाखाणले. आणि नेमकी इथेच वाचकाची फसगत होते. बटण खरे, बग्गी खरी, तेव्हा त्याला वाटते की सारेच खरे आणि एवढेच खरे. ढोबळ खोटे आपण ओळखतो, पण बारकाव्यांनी नटलेले अर्धे सत्य पचून जाते.

उरलेले अर्धे सत्य शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्या काळच्या इंग्लंडातले कर पाहिले तरी पुरे. बग्गीवर कर होता. १७९५ पासून केसांना लावायच्या पावडरीवर आणि १७९६ पासून कुत्र्यांवर कर होता. तसाच १७७७ पासून पुरुष नोकर ठेवण्यावरही कर होता. बग्गी, पावडर, कुत्रा आणि नोकर हे सारे चैनीच्या एकाच यादीत बसत! मेणबत्तीवरही १८३१ पर्यंत कर होता. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती महाग, ती दिवाणखान्यात जळे. चरबीची मेणबत्ती स्वस्त. तिचा धूर होई, वास येई, आणि ती नोकरांच्या वाट्याला येई. म्हणजे त्या वाड्यात उजेडाचीसुद्धा जातवारी होती.

नायकाचे उत्पन्नही तसेच. वर्षाला दहा हजार पौंड म्हटले की वाचकाला हायसे वाटते. १८१३ साली जेन ऑस्टिनने आपल्या डार्सीला तेवढेच उत्पन्न दिले आणि पुढच्या साऱ्या नायकांना तो जणू किमान वेतनाचा आकडा झाला. पण पैसा आला कोठून? काही कुळांच्या खंडातून, काही कोळशाच्या खाणींतून, आणि कित्येक घराण्यांत वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतून, जिथे गुलाम राबत. गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ साली बंद केला, पण गुलामी ठेवली. ती उठवण्याचा कायदा १८३३ साली झाला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती गुलामांना मिळाली नाही, त्यांच्या मालकांना मिळाली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला. म्हणजे झुंबराखालच्या त्या नाचाचे बिल आजच्या इंग्रजाच्या बापजाद्यांनी तर भरलेच, त्याने स्वतःही भरले.

आणि आपणही त्या बिलातून सुटलेलो नाही. या कादंबऱ्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन वारंवार येतो. गरुडासारखे नाक, तुटक बोलणे, आणि १५ जून १८१५ च्या रात्री, वॉटर्लूच्या तीन दिवस आधी, ब्रुसेल्सच्या नाचाच्या मेजवानीत हसतमुखाने वावरणे. मीही त्याच्यावर कितीतरी पाने लुब्ध होते. पण हा आर्थर वेलस्ली ड्यूक झाला १८१४ साली. त्याआधी २३ सप्टेंबर १८०३ रोजी तो आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. त्याच्याच बाजूचे दीड हजारांवर लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले; आपल्याकडचे किती, याची नीट मोजणीही नाही. त्याच्या मोठेपणाची एक पायरी तिथे, आपल्या काळ्या मातीत घडली. कादंबरीत त्याचा ‘हिंदुस्थानातला अनुभव’ एका वाक्यात उरकतो आणि वाद्ये पुन्हा सुरू होतात. मीसुद्धा, मराठी शाळेत इतिहास शिकवणारी बाई, त्या वाक्यावरून बिनदिक्कत पुढे गेले होते.

तर मग ही पुस्तके रद्दीत घालावीत काय? असे म्हणणारी करडी माणसे आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचा निकाल मला मान्य नाही. एक तर, प्रत्येक कथेने जगाचे सारे दुःख सांगितलेच पाहिजे असा नियम केला तर कथाच उरणार नाही. रांगोळी काढायची तर अंगणाचा थोडाच भाग घ्यावा लागतो. दुसरे असे की, या कादंबऱ्या वाचते कोण? ड्यूकांच्या बायका नव्हेत. आपले लेखन हवाई हल्ल्याच्या वेळी आसऱ्याला बसलेल्यांना किंवा तापातून उठणाऱ्यांना बरे वाटेल, अशा अर्थाचे हेयरने महायुद्धाच्या काळात एका पत्रात लिहिले होते. दुकानात उभ्या राहणाऱ्या, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या, रात्री घरी येऊन भांडी घासणाऱ्या बायकांनी ही पुस्तके वाचली. जन्मभर दुसऱ्यासाठी मेणबत्त्या लावणाऱ्या बाईला तासभर झुंबराखाली बसावेसे वाटले, तर तिला उठवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

मग दोष कशात? मला वाटते, न सांगणे हा दोष नाही. जे सांगितले नाही ते नव्हतेच असे भासवणे हा दोष आहे. ऑस्टिनचेच पाहा. १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये घरधनी अँटिग्वाला आपली मालमत्ता पाहून येतो. त्याची आश्रित भाची फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराविषयी काही विचारते, आणि खोलीत कोणीच बोलत नाही. एवढेच. ऑस्टिनने उपदेश केला नाही, मळा दाखवला नाही. पण त्या शांततेत वाड्याचे दार किंचित उघडे राहिले आणि बाहेरचा वारा आत आला.

याउलट हेयरची ‘द ग्रँड सोफी’. ही माझी फार आवडती कादंबरी. त्यात एक ज्यू सावकार येतो आणि लेखिका त्याला शक्य तितका किळसवाणा करून सोडते. हे पुस्तक १९५० सालचे. हिटलरच्या छळछावण्यांचे सत्य जगापुढे येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती! बाहेरच्या माणसाला वाड्यात आणायचे ते केवळ तुच्छतेसाठी, हे दार लावून घेण्यापेक्षाही वाईट. २०२३ साली अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत तो भाग बदलला गेला. हेतू चांगला असेल, पण मला ते रुचले नाही. डाग पुसला की तो पडला होता हेही पुसले जाते, आणि पुढची वाचक अधिक निष्पाप नव्हे, अधिक अजाण होते. ‘ब्रिजर्टन’ने वेगळी वाट धरली, सर्व वर्णांच्या माणसांना नाचाच्या दालनात मानाने बोलावले. मला ते पाहून आनंद झाला. तरीही मावशींचा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच. नाचणारे बदलले, झुंबर तेच राहिले.

इथवर लिहून मी थांबले असते तर सोयीचे झाले असते. दुसऱ्याच्या घरातली जळमटे काढणे सोपे असते. पण बारा वर्षांपूर्वी मी स्वतः पेशवाईतल्या एका वाड्यावर कादंबरी लिहिली आहे. तिच्यात दिवाळीचे एक प्रकरण आहे. सज्जावर पणत्यांच्या रांगा, चौकात समया, पैठणी नेसलेली नायिका. त्या प्रकरणाचे कौतुक करणारी पत्रे मला अजून येतात. मावशींच्या प्रश्नानंतर मी ते प्रकरण काढून वाचले. पणत्यांची संख्या दिली होती. त्यांत तेल घालणारा एकही हात नव्हता. पेशवाईतल्या वाड्यांत कुणबिणी असत. त्या विकत घेतल्या जात, विकल्या जात, त्यांच्या किमतींच्या नोंदी दप्तरांत आहेत. कादंबरीसाठी वाचन करताना त्या नोंदी मी स्वतः टिपून घेतल्या होत्या. वही अजून माझ्याकडे आहे. कादंबरीत मात्र त्यांतली एकही उतरली नाही. मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही. चित्र सुंदर दिसावे म्हणून मी त्या बायकांना पानाबाहेर उभे केले.

ते प्रकरण आता बदलावे असे मला वाटत नाही. हेयरला जो नियम तोच मला. चूक माझ्या नावावर छापलेली राहू दे. पण सध्या लिहीत असलेल्या कादंबरीत वाड्यातल्या एका बाईला मी नाव दिले आहे. ती नायिका नाही. तिचे दुःख सांगायला मी पाने खर्च करणार नाही, कारण त्या कथेचा विषय वेगळा आहे. मात्र संध्याकाळ झाली की ती तेलाचे भांडे घेऊन येते, आणि वाचकाला ती दिसते.

सुट्टी लागण्याच्या दिवशी मी मावशींना हे सारे जमेल तसे सांगितले. मेणाची मेणबत्ती आणि चरबीची मेणबत्ती, नोकरांवरचा कर, सारे त्यांनी हात न थांबवता ऐकले. मग म्हणाल्या, “पण बाई, लावणारीलाही चार घटका उजेड दिसलाच असेल की. तो नका काढून घेऊ तिचा.”

हे मला सुचले नव्हते. ती कादंबरी आता मी पुन्हा हाती घेतली आहे. राहिलेली पाने या दिवाळीत वाचून काढणार आहे, आणि बहुधा मला ती आवडतीलच.