भयाचे मोल

भ्यालेल्या मनुष्याने बाजारात जाऊन काही विकत घेतले, तर त्या खरेदीस त्याची खरोखर संमती होती असे म्हणावे काय? आमच्या व्यवसायात हा प्रश्न अपरिचित नाही. १८७२ च्या करार कायद्यास मुक्त संमती हवी असते. आणि मानसिक वा शारीरिक क्लेशाने ज्याची बुद्धी तात्पुरती का होईना विचलित झाली आहे, त्याच्याशी करार करणारा हा त्याच्या इच्छेवर वर्चस्व चालवू शकतो, असे त्या कायद्याचे सोळावे कलम मानते. परंतु हे कलम एकट्यादुकट्याच्या क्लेशासाठी आहे. सारे गावच भ्याले म्हणजे काय, याविषयी ते मौन पाळते.

असे भय आपल्या देशाने १९६२ साली पाहिले. ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र आणि शनि हे केतूसह मकर राशीत एकत्र आले. त्यात पौष अमावास्येस सूर्यग्रहण. अष्टग्रहीने प्रलय होणार ही वार्ता वणव्यासारखी पसरली. पंतप्रधान नेहरूंनी ती हसण्यावारी नेली. लोकांस मात्र हसू आले नाही. शुभकार्ये व प्रवास पुढे ढकलले गेले, ठिकठिकाणी यज्ञ मांडले गेले, अखंड पाठ बसले, आणि तूप, समिधा, धान्य यांसाठी गाठीचा पैसा मोकळा झाला.

हा केवळ अडाण्यांचा रोग, असे ज्यांस वाटते त्यांनी त्याच्या सहाच महिने आधीची अमेरिका पाहावी. बर्लिनच्या प्रश्नावरून रशियाशी युद्ध जुंपते की काय, अशी धास्ती असता २५ जुलै १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी राष्ट्रास उद्देशून भाषण केले. अणुहल्ल्यात जीव वाचावा म्हणून आश्रयस्थाने निश्चित करून तेथे अन्न, पाणी व औषधे साठविण्यासाठी त्यांनी निधी मागितला. झाले! परसात पुरावयाची तळघरे विकणारे विक्रेते जागोजाग उगवले. भय ओसरताच गिऱ्हाईकही ओसरले आणि त्यांतील पुष्कळ पेढ्या बुडाल्या.

बाँब खरे होते आणि ग्रहांचा कोप कल्पित होता, हा भेद लहान नव्हे. तथापि घेणाऱ्याचे मन दोन्हीकडे एकच. काही करता येत नाही अशी भीती मनुष्यास सोसवत नाही. खरेदीने हातास काम मिळते. त्या पैशात त्या रात्रीची झोप मिळते, सुरक्षितता मिळतेच असे नाही.

मात्र त्या तळघरांतून एक विलक्षण प्रश्न वर आला. त्याच सप्टेंबरात एल. सी. मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूंनी 'अमेरिका' नावाच्या नियतकालिकात तो चर्चेस घेतला. तळघर माझ्या कुटुंबापुरते आहे आणि शेजारी दार फोडू लागला, तर त्यास बळाने परतवावे काय? परतविता येईल, स्वसंरक्षणाचा हक्क तेथेही आहे, असा त्यांचा निर्वाळा. मोठे वादळ उठले. वकील या नात्याने आम्हांस त्या तर्कात दोष काढणे कठीण जाते. तरीही अंगावर काटा येतो. विचार करता आम्हांस असे दिसते की, शेजाऱ्याविरुद्धचा निकाल दाराशी लागलाच नव्हता. तो तळघराचे माप ठरविताना, दिवसाढवळ्या, दुकानात लागला होता.

या दृष्टीने पाहता अष्टग्रहीच्या तुपास हसणे आम्हांस तितकेसे सोपे वाटत नाही. तेवढे तूप मुलांच्या पानात पडते तर, हा आक्षेप खोडता येत नाही, हे खरेच. पण लोककल्याणाच्या संकल्पास तळघरासारखे माप नसते. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य शिष्यास श्रद्धेने द्यावयास सांगतात, तसेच भयानेही द्यावयास सांगतात; भय हे दानाचे एक द्वार त्यांनी बंद केले नाही. भयाने थैलीचे तोंड उघडते खरे. ते कोणत्या दिशेने, एवढेच पाहावयाचे.

विकणाऱ्याची बाजू राहिली. मार्च २०२० मध्ये महामारी आली, तेव्हा सरकारने मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणून तीन पदरी मास्कला १० रुपये अशी मर्यादा घातली. भाव चढल्यावाचून माल येत नाही, असे व्यापारी म्हणतात, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. त्यांच्यापुरता कायदा समर्थ आहे.

आमचा रोख देवस्थानांच्या महाजनांवर व विश्वस्तांवर, म्हणजे आपणांवरच आहे. दुकानात मनुष्य गिऱ्हाईक होऊन जातो आणि घासाघीस करतो. देवापुढे तो गाऱ्हाणे घेऊन येतो आणि भाव करीत नाही. सोळाव्या कलमाच्या भाषेत बोलावयाचे तर वर्चस्वाची स्थिती आपल्याइतकी क्वचितच कोणाची असेल. ग्रहयोग जवळ आला की शांतीच्या फलकावर 'विशेष' हा शब्द चढतो आणि त्यामागोमाग दक्षिणेचा आकडा. पुरोहिताच्या श्रमाचे मोल बुडवावे असे आम्ही म्हणत नाही. पण दर वाढवावयाचा असेल तर तो चैत्रात वाढवावा, ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. आणि ज्यास काहीच देता येत नाही त्याचेही नाव त्याच संकल्पात उच्चारावे. नावे वाढल्याने तूप अधिक लागत नाही. यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही. समितीच्या एका बैठकीचे हे काम आहे.