आईच्या थकव्याचे माप

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी नर्सिंगचे पुढील शिक्षण घेत आहे. आजारी मुलांचा सांभाळ करणाऱ्या आईवडिलांच्या जीवनाची गुणवत्ता मोजणे, हा तिच्या अभ्यासाचा विषय. थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या आयांशी ओळख करून द्यावी, अशी विनंती घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मी मनातून नाराज झालो. आईची माया का कुठे तराजूत घालायची असते?

तिने माझ्यापुढे जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची प्रश्नावली ठेवली. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, पैसा पुरला का, फुरसत मिळाली का, स्नेह्यांचा आधार लाभला का, जगण्याला अर्थ वाटतो का? प्रत्येक उत्तराला 1 ते 5 असा आकडा. मायेविषयी त्यात एकही प्रश्न नव्हता. माझा आक्षेप तेथेच निम्मा गळून पडला.

उरलेला निम्मा एका आईने काढून घेतला. तिच्या मुलाला तीव्र थॅलेसेमिया आहे. अशा मुलाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदयात आणि यकृतात साठते. ते बाहेर काढण्याचे औषध वेगळे. पूर्वी ते कातडीखाली सुई खुपसून लहानशा पंपाने रात्रभर द्यावे लागे, आता गोळ्याही निघाल्या आहेत. पण पहाटेची चर्चगेट लोकल, रक्तपेढीतील वाट पाहणे आणि रात्री परतल्यावरचा स्वयंपाक यांवर गोळी निघालेली नाही. एका रविवारी मी प्रवचनात तिचे नाव घेऊन तिच्या त्यागाची स्तुती केली होती. लोकांचे डोळे पाणावले होते, आणि मलाही (खोटे कशाला बोलू?) समाधान वाटले होते.

प्रश्नावली भरून झाल्यावर ती आपणहून मला भेटली. म्हणाली, “फादर, जगण्याला अर्थ वाटतो का, तिथे मी पाच दिले. झोपेला एक दिला आणि आधारालाही एकच. तुम्ही देवळात माझे कौतुक केलेत तेव्हापासून कोणी विचारतच नाही. सर्वांना वाटते, हिला जमते.”

या प्रश्नावलीची एक रीत मला नंतर कळली. शरीर, मन, माणसांशी असलेले नाते आणि परिसर या चार क्षेत्रांचे गुण वेगवेगळे ठेवतात. त्यांची एक बेरीज करीत नाहीत. मी मात्र वर्षानुवर्षे ती बेरीज करीत आलो होतो. अर्थ एवढा मोठा, मग झोपेचे काय घेऊन बसलात!

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी एक धोका दाखविला आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला मनुष्य आपल्या इच्छाच आखूड करून घेतो, म्हणून त्याने समाधानी असल्याचे सांगितले तरी तेवढ्यावरून त्याचे बरे चालले आहे असे मानता येत नाही. मग त्या आईच्या ‘पाच’वर अविश्वास दाखवावा काय? मला तसे वाटत नाही. आपल्या जगण्याला अर्थ आहे की नाही, हे जगणाऱ्यानेच सांगावे. झोप किती मिळाली, सोबत कोण आले, हे मात्र घड्याळाला आणि शेजाऱ्यालाही दिसते. त्यासाठी तिने तोंड उघडण्याची वाट का पाहावी? तिचा ‘पाच’ तिचा आहे. तो ‘एक’ बराचसा आपला आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातील एक प्रकरण दयाळू शोमरोन्यावर आहे. सेमिनरीत आम्ही अर्थाची पाने अधोरेखित केली. शोमरोन्याच्या पानांवर माझी पेन्सिल फारशी फिरलेली दिसत नाही. त्या शोमरोन्याने जखमी माणसाला दुःखाचे मोल समजावून सांगितले नाही. त्याला आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेचा खर्च दिला.

आमच्या अळीतील तीन कुटुंबांनी आता त्या मुलाला रक्तासाठी नेण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. पहिल्या दोन पार पडल्या. तिसऱ्या वेळी त्या घरात लग्न निघाले. मला निरोप मिळाला तो रात्री उशिरा, आणि पहाटेच्या गाडीला पुन्हा तीच उभी होती.